अकरा लाखांत एक व्याही

कोंडाबाई आणि भास्कर सर यांची पहिली भेट झाली त्या दिवशी दमणगंगेचं पाणी क्षणभर उलटं वाहिलं, टोकरखाड्यातल्या तीन इमारतींचे पंप आपोआप बंद पडले आणि मांडवातल्या जिलेबीचा पाक कढईतल्या कढईत गोठला, असं छातीवर हात ठेवून सांगणारी माणसं सिल्वासात आजही आहेत. त्यांतली निम्मी त्या लग्नाला नव्हती आणि उरलेली निम्मी ताटात डोकं घालून बसली होती. पण इतकं खरं की कोंडाबाईंनी गायला तोंड उघडलं तेव्हा मांडवाच्या पलीकडच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी भुंकणं थांबवलं आणि ती शहाण्यासारखी दुसऱ्या गल्लीत निघून गेली.

लग्न स्वप्नीलचं होतं. त्याला वडील नव्हते, म्हणून वडिलांच्या जागी त्याचे शाळेतले मराठीचे शिक्षक भास्कर सर बसले होते. मूळचे रत्नागिरीकडचे, सरकारी नोकरीपायी सिल्वासात आलेले आणि तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष झालेले. अंगात करड्या रंगाचा सफारी, कपाळावर गंध, चेहऱ्यावर कायम एखाद्या समारंभाचं उद्घाटन करून आल्याची प्रसन्नता. मुलीकडची माणसं खानदेशातली, सिल्वासाशेजारच्या खडोली गावातल्या धाग्याच्या कंपन्यांत कामाला. त्यांच्या बाजूनं स्वयंपाकाला आणि गायला एकच बाई होती, कोंडाबाई. एका हातात झारा ठेवूनच ती पुढे आली, पदर खोचला आणि सरांसमोर उभी राहिली.

*व्याहीना सफारीले खिसा शेतस चार वं,*
*चारीमा कंगवा, टक्कल चमकदार वं.*

कोंडाबाईंच्या गावाकडे याला गाळी म्हणतात. मुलीकडच्या बायका वरपक्षाच्या व्याह्याला भर मांडवात गाण्यातून सोलून काढतात. त्याचे नियम कोर्टापेक्षा कडक. गाणं तोंडावर म्हणायचं. पाठीमागे म्हटलं तर ती चहाडी झाली. जेवणाआधी म्हणायचं, कारण पोट भरलेल्या माणसाला काहीच टोचत नाही. व्याह्यानं चिडायचं नाही. एक तर उलट गाणं म्हणायचं, नाहीतर हात जोडून “लागलं” म्हणायचं आणि गाणारणीला लुगडं द्यायचं. पस्तीस वर्षांत कोंडाबाईंनी सतरा लुगडी मिळवली होती. शिरपूरकडचा एक व्याही तर गाणं ऐकून जो चिंचेच्या झाडावर चढला, तो जेवणाची दुसरी पंगत उठेपर्यंत खाली आला नव्हता.

भास्कर सरांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी चार खिशांपैकी एकातून छोटी डायरी काढली, दुसऱ्यातून पेन काढलं आणि नम्रपणे म्हणाले, “बाई, पुन्हा एकदा म्हणता का? दुसरी ओळ निसटली.”

मग त्यांनी ओळ लिहून घेतली, खाली तारीख टाकली आणि शेजारच्याला सांगितलं, अस्सल लोकसाहित्य आहे, जपलं पाहिजे.

कोंडाबाईंच्या हातातला झारा खाली आला. पळून जाणारा व्याही त्यांनी पाहिला होता, रडणारा पाहिला होता, बायकोच्या मागे लपणारा पाहिला होता. शिवी खाऊन ती वहीत जपणारा पहिल्यांदाच पाहत होत्या. त्या रात्री भांडी घासताना त्यांनी नवऱ्याला जाहीर केलं की या माणसाला एकदा लागल्याशिवाय आपण गाणं सोडणार नाही. नवरा सुकदेव म्हणाला, “भाजी चांगली झाली होती.” वीस वर्षं धाग्याच्या मशीनपाशी उभं राहून त्याचे दोन्ही कान निम्मे गेले होते. त्यांच्या संसाराच्या सुखाचं हेच रहस्य असल्याचं खडोलीत बोललं जाई.

कोंडाबाई खडोलीत खानावळ चालवायच्या. फर्स्ट शिफ्टची पोरं पहाटे डबे न्यायची, सेकंड शिफ्टची दुपारी जेवून जायची. नंदुरबारचा, सुरगाण्याचा, बिहारचा, ओडिशाचा असा सगळा देश त्यांच्या तीन बाकांवर मांडीला मांडी लावून वरण ओरपायचा. त्यामुळे देशाविषयी कोंडाबाईंची मतं ठाम होती, आणि ती टीव्ही बघून नव्हे, वाढता वाढता झालेली होती. आमची संस्कृती जगात थोर असं सांगून झाल्यावर माणूस खिडकीतून बाहेर थुंकतो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. खिडकीबाहेर त्यांचीच तुळस होती.

त्या लग्नानंतर तीनेक वर्षांनी देशावर गाणं करायची कल्पना आली, ती मात्र सुनेची. सोनी सायली गावातल्या एका कंपनीत पॅकिंगला होती आणि फोनवर गाण्यांना ठेका लावण्याचा तिला नाद होता. हल्ली लग्नांत डीजे असतो, गाळी कोण ऐकतं, म्हणून सासू कुढत बसलेली तिनं पाहिलं आणि म्हणाली, “आई, तुम्ही लग्नातल्या व्याह्याला गाता ना? मग आता मोठ्या व्याह्याला गा. देशालाच.”

कोंडाबाईंनी दोन पोळ्या लाटल्या. तिसरी पोळी तव्यावर टाकता टाकता पहिलं कडवं निघालं.

*व्याही आमना मोठा, त्याना डंका वाजस वं,*
*भिंतवर थुकी थुकी, देश त्याना गाजस वं.*

सोनीनं ठेका घरातूनच गोळा केला. कुकरची शिट्टी, पोळी थापटण्याचा आवाज आणि सुकदेवनं कंपनीतून फोनमध्ये भरून आणलेली मशीनची खटखट. त्यावर कोंडाबाईंचा तो विळीसारखा धारदार आवाज. दुसरं कडवं उद्घाटनांवर होतं.

*मुतारीनं उद्घाटन, फोटो काढा बारा वं,*
*नळ कोरडा ठाक, पाटीले हार न्यारा वं.*

मग सकाळी सकाळी फोनवर फुलं धाडून आईबापांना वर्षभर फोन न करणाऱ्यांवर एक, रुग्णवाहिकेपुढे नाचणाऱ्या वरातीवर एक. दर कडव्याच्या शेवटी “देश मना व्याही वं” असं पालुपद. खानावळीच्या मोरीपाशी उभं राहून सोनीनं व्हिडिओ काढला आणि टाकला. महिनाभरात तो अकरा लाख लोकांनी पाहिला.

सोनी घरभर नाचली. कोंडाबाईंनी एकच विचारलं, लागलं किती जणांना?

इथून त्यांच्या त्रासाला सुरुवात झाली. कारण लागलं कुणालाच नव्हतं. सगळ्यांना आवडलं होतं. किराणावाले शेठ खुशीत येऊन म्हणाले, “मासी, आ तो बिलकुल मारा वेवाई जेवो छे.” वेवाई म्हणजे त्यांचा व्याहीच. कंपनीचा उत्तरेकडचा सुपरवायझर म्हणाला की त्याचे जिजाजी हुबेहूब असेच आहेत. गुजराती गिऱ्हाइकांना गाणं मराठी लोकांवर वाटलं, मराठींना बिहाऱ्यांवर, बिहाऱ्यांना दिल्लीवाल्यांवर. खिडकीतून रोज तुळशीवर थुंकणारा गिऱ्हाईक संजू तर हसता हसता उठला, खिडकीपर्यंत गेला, थुंकला आणि परत येऊन म्हणाला, “मावशी, काय लोक असतात ना.”

रागावलेला एकच भेटला, तोही चुकीच्या कारणानं. कुठल्याशा संघटनेचा एक तरुण मोटरसायकलवरून आला आणि देशाचा अपमान करता म्हणून दम देऊ लागला. कोंडाबाईंनी त्याला आधी बसायला सांगितलं, पाणी दिलं.

“भाऊ, तुझ्या बहिणीच्या लग्नात व्याह्याला गायलं होतं का कुणी?”

तो म्हणाला, गायलं होतं.

“मग? परक्याला कोण गातं? सोयरीक झाली म्हणून तर गातो. उद्या गायचं बंद केलं, तर समज सोयरीक तुटली.”

तरुणानं पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. मग जेवून गेला आणि जाताना सोनीकडे गाण्याची लिंक मागून गेला.

भास्कर सरांनीही गाणं पाहिलं होतं. त्यांनी ते मंडळाच्या ग्रुपवर पाठवलं आणि वर लिहिलं, “अंतर्मुख करणारे. प्रत्येकाने आपल्या परिचितांना ऐकवावे.” सोनीनं ते सासूला वाचून दाखवलं. कोंडाबाईंनी दाताखाली खडा आल्यासारखं तोंड केलं. अकरा लाखांना टोचायचं राहू दे, त्या म्हणाल्या, एक माणूस पुरे. तो टोचला की बाकीचे आपण नंतर बघू.

एप्रिलच्या शेवटी तो माणूस स्वतःच खानावळीत आला. एक मेला, म्हणजे महाराष्ट्र दिनाला आणि कामगार दिनाला मिळून, मंडळाचा कार्यक्रम होता. सरांनी दोन्ही हातांनी पत्रिका दिली. कोंडाबाईंचं गायन, त्याआधी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार.

कोंडाबाईंनी पत्रिका बाकावर ठेवली आणि तीन अटी घातल्या. शाल गाण्यानंतर, कारण जो आपल्या अंगावर शाल घालतो त्याच्यावर मग गाळी म्हणता येत नाही. गाणं जेवणाआधी. आणि गाणं देशाला आहे, तर देश समोर बसला पाहिजे. हवेत गाणार नाही.

सर भारावून गेले. हा तर प्रयोग आहे, असं म्हणून त्यांनी अटी डायरीत लिहून घेतल्या. मंडळाच्या बैठकीत मात्र देश कुणी व्हायचं यावर तास गेला. एकानं भिंतीवर नकाशा लावायला सुचवलं. दुसऱ्यानं प्रमुख पाहुण्यांचं नाव घेतलं, पण ते सरकारी अधिकारी असल्यामुळे त्यांना तोंडावर असं काही म्हणणं बरं नाही, यावर एकमत झालं. तिसऱ्याच्या मते रिकामी खुर्ची सगळ्यात सुरक्षित. अखेर सरांनीच जबाबदारी उचलली. त्यांनी देशाला शोभेल असा केशरी फेटा मागवला आणि आरशात दोनदा बांधून पाहिला.

एक मेला दुपारी कोंडाबाई आणि सोनी हॉल बघायला गेल्या. हॉलमध्ये एक किडकिडीत माणूस तीनशे खुर्च्या मांडत होता. चार-चार खुर्च्यांची चळत पोटाशी धरायची, वाकून एकेक सोडवायची, रांग डोळ्यांनी जोखायची. कोंडाबाईंनी त्याला ओळखलं. तो त्यांच्याकडे जेवणारा भिका होता, सुरगाण्याकडचा, खडोलीत कंत्राटावर. आज सुट्टी म्हणून इकडे आला होता.

भास्कर सर मंचावरून पाट्या लावून घेत होते. खुर्चीखुर्चीला नावाची पाटी. मध्येच ते गोड आवाजात म्हणाले, “ए खुर्चीवाल्या, दुसरी रांग जरा डावीकडे.”

भिकानं रांग डावीकडे घेतली.

सर खाली आले आणि कौतुकानं सांगू लागले की हा माणूस नऊ वर्षं न चुकता येतो, गणपती असो, व्याख्यान असो. फार गोड स्वभावाचा. सर गेल्यावर कोंडाबाई भिकापाशी गेल्या.

“तुझं नाव माहीत आहे का रे सरांना?”

भिकानं खुर्ची सोडवत सोडवत विचार केला. “काम माहिती आहे ना, मावशी.”

कोंडाबाई मागच्या खोलीत जाऊन पाण्याच्या पिंपावर बसल्या. त्यांचे ओठ हलायला लागले तसं सोनीनं ओळखलं, नवं कडवं येतंय. ठेका मोजून चार कडव्यांचा होता, पाचवं बसणार नव्हतं. तिनं तसं सांगितलंही.

“मग तुझं मशीन बंद कर,” कोंडाबाई म्हणाल्या. “मी हात वर केला की बंद. कुकर नको, काही नको.”

संध्याकाळी हॉल भरला. प्रार्थना झाली, पाहुण्यांची ओळख झाली, आणि मंचावर मधोमध फेटा बांधलेले भास्कर सर देश म्हणून बसले. मांडीवर डायरी. समोर कोंडाबाई, पदर खोचलेला, हातात सवयीनं आणलेला झारा. सोनीनं ठेका सुरू केला. थुंकण्याच्या कडव्याला लोक हसले, उद्घाटनाच्या कडव्याला टाळ्या आल्या, पहिल्या रांगेतले अधिकारी सगळ्यांत मोठ्यानं हसले. प्रत्येक जण शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होता. सर लिहीत होते, मान डोलावत होते.

चौथं कडवं संपलं. कोंडाबाईंनी झारा वर केला. ठेका थांबला, आणि लोकांना वाटलं संपलं, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या विरेपर्यंत त्या थांबल्या. मग नुसत्या आवाजात, मांडवात गायच्या तसं, सरांच्या डोळ्यांत बघून त्यांनी सुरू केलं.

*नऊ वरीस खुर्च्या मांडस, वाकी गई पाठ वं,*
*बठनारनी नावं पाटीवर, हारना शे थाट वं.*
*मांडनारनं नाव सांग, देश मना व्याही वं,*
*सांगता नाही उनं तर, खुर्ची तुनी नाही वं.*

हशा आला, पण अर्धाच. कारण कोंडाबाई झारा पुढे करून तशाच उभ्या होत्या. नियम होता, व्याह्यानं उत्तर द्यायचं असतं. सरांचं पेन डायरीवर टेकलेलं होतं, पण पुढे सरकत नव्हतं. त्यांनी हॉलच्या मागे पाहिलं. पाण्याच्या पिंपापाशी तो उभा होता, नऊ वर्षं उभा असायचा तसाच, कमी पडली तर द्यायला एक खुर्ची हाताशी धरून.

सरांना त्याची चाल माहीत होती. चहात त्याला दोन चमचे साखर लागते हे माहीत होतं. त्यांनी घाईघाईनं फोन काढला, कारण नंबर त्यांच्याकडे होता. कितीदा तरी लावला होता. फोनमध्ये तो “खुर्ची” या नावानं होता.

सरांनी फोन खिशात ठेवला. मग फेटा काढून मांडीवर ठेवला. टक्कल दिव्याखाली चमकलं, पण कुणी हसलं नाही.

“कोंडाबाई,” ते म्हणाले, “लागलं.”

तीन वर्षं ज्या शब्दासाठी कोंडाबाईंनी जीव टांगणीला लावला होता तो शब्द आला, आणि त्यांनी पुढे केलेला झारा खाली घेतला. आजवरच्या व्याह्यांनी हा शब्द सुटका करून घेण्यासाठी म्हटला होता. हा माणूस तो म्हणून सुटला नव्हता. तो मंचावरून उतरला, मधल्या वाटेनं मागे चालत गेला आणि त्यानं हात जोडून नाव विचारलं. भिका आधी घाबरला. मग बापासकट पूर्ण नाव सांगितलं. सरांनी माइकपाशी परत येऊन सगळ्या हॉलला सांगितलं, “यांचं नाव भिका काळू गावित. नऊ वर्षं मला माहीत नव्हतं.”

हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. जेवताना सगळेच सरांना विचारत होते की हा शेवटचा भाग किती दिवस बसवत होतात, अगदी खरा वाटला. अधिकारी म्हणाले की देशात असे प्रयोग गावोगाव व्हायला हवेत, आपल्याकडे लोक कुणाचं नाव लक्षात ठेवत नाहीत. मग त्यांनी हाताच्या इशाऱ्यानं पाणी देणाऱ्याला बोलावलं.

कोंडाबाई लांबून बघत होत्या. सोनीला वाटलं, आता सासू निराश होणार. पण त्यांनी पदर सोडला, तोंडावरचा घाम पुसला आणि विचारलं, “अकरा लाखांतून एक गेला तर किती राहिले गं?”

सोनीनं आकडा सांगितला.

“बरं,” कोंडाबाई म्हणाल्या. “उद्या शिफ्ट सुटली की लवकर ये. त्या पाणी मागणाऱ्यावर एक सुचलंय.”

आठव्या दिवशी भास्कर सर स्वतः खानावळीत लुगडं घेऊन आले. डायरी आणली नव्हती. बाकावर बसून जेवले, शेजारी बसलेल्या दोघांना नावं विचारली, आणि विसरू नये म्हणून ती जेवताना दोनदा पुटपुटले. कोंडाबाईंनी लुगडं डोक्याला लावून पेटीत ठेवलं. अठरावं.

पुढच्या वर्षी एक मेला मंडळानं मुंबईहून नकलाकार बोलावला. खुर्च्यांचं काम भिकाकडून काढून ठेकेदाराला दिलं. सरांनी दिलेलं लुगडं खडोलीच्याच धाग्याचं पॉलिस्टर होतं. दुसऱ्या धुण्याला त्याचा रंग गेला.